विहिरीतली प्रयोगशाळा

पाण्याखाली प्रयोगशाळा बांधायची आणि तीही आपल्याच अंगणात, असं मी जाहीर केलं तेव्हा चहा पिता पिता धाकट्या भावाला ठसका लागला. "अक्का, तेरेकू क्या हुआ?" आमच्या घरात मराठीच चालते, पण त्याला हसू किंवा राग आला की इथली दखनी हिंदी बाहेर पडते. मी म्हटलं, मला काही झालेलं नाही, जे झालंय ते तुझ्या कारमुळे झालंय.

नल्लकुंट्यातल्या आमच्या अंगणात विहीर आहे. भावानं कार घेतली आणि ती उभी करायला त्याला नेमकी विहिरीचीच जागा दिसली. "झरे मेलेत तिचे. आहे ते पाणी इकडून तिकडून झिरपलेलं. मेलेली विहीर म्हणजे नुसता खड्डा," असं त्यानं बाबांना पटवलंसुद्धा. आमचे बाबा ऐंशीच्या पुढचे. सिकंदराबादला रेल्वेत डब्यांचे फिटर होते. ही जागा त्यांनी घेतली तीच विहीर बघून. नळाला पाणी असो नसो, रोज सकाळी एक बादली स्वतः शेंदणार. चौदा एप्रिलच्या जयंतीला गल्लीतल्या सगळ्यांना पाणी पाजायचं तेही ह्याच विहिरीचं. पण झरे मेले म्हटल्यावर ते एवढंच बोलले, "मेली असंल तर बुजवा." दोन दिवस धड जेवले नाहीत. मला असा राग आला म्हणता!

मी जामबागेतल्या एका कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. मेलंय की जिवंत आहे, हे नीट बघितल्याशिवाय मी झुरळाबद्दलही बोलत नाही. मग विहिरीबद्दल का बोलू? ठरलं, खाली जाऊन झरा बघायचा. उपडा पेला पाण्यात दाबला की आत हवा राहते. पेल्याऐवजी लोखंडी ड्रम घ्यायचा, त्याला काचेची खिडकी करायची, खाली बसायला फळी लटकवायची. डोकं ड्रमात, बाकीची मी पाण्यात. झाली प्रयोगशाळा!

ड्रम विहिरीत सोडला, तो बुडेचना. भाऊ वर चढून बसला, तर ड्रमानं त्यालाच पाण्यात लोटलं. कठड्याभोवती जमलेली गल्ली खो खो हसली. हवा एवढ्या जोरानं वर ढकलते हे मी विसरलेच होते. ती फिजिक्सवाल्यांची बाजू, आमची नाही.

वजन हवं होतं. मी सहज म्हटलं, रुळाचे तुकडे मिळतील का कुठे? बाबा उसळले. "रेल्वेचा खिळा बी घरी आणला नाई मी!" शेवटी शेजारच्या तेलुगू मावशींनी त्यांचा रोलू देऊ केला. रोलू म्हणजे इडलीचं पीठ वाटायचं दगडी उखळ. मिक्सर आल्यापासून घरोघर हे रोलू अंगणात निवृत्त होऊन बसलेत. आठ जमले. बाबांनी साखळी, कप्पी लावून ते ड्रमाखाली टांगले.

ह्या वेळी ड्रम कसा अगदी शहाण्यासारखा बुडाला. मी शिडीनं उतरले, नाक दाबून खालून आत शिरले, तर आत काठोकाठ पाणी! खोकत वर आले. बघते तर ड्रमाच्या डोक्यावर चांगलं बोटभर भोक.

"मीच पाडलं," बाबा म्हणाले. "डब्याला हवा यायला जागा नको? माणूस गुदमरंल की."

"बाबा, हा डबा काजीपेटला नाही चालला!"

ते भोक बुजवलं. हवेसाठी खालच्या बाजूनं पंपाची नळी घेतली. पुढच्या रविवारी मी बॅटरी घेऊन आत बसले. काचेतून शेवाळ दिसलं, बारके मासे दिसले, आणि तळाच्या एका कोपऱ्यात खिचडी रटरटावी तशी वाळू उडत होती. झरा! मी ड्रमात अशी ओरडले की माझ्याच कानठळ्या बसल्या.

वर येऊन सांगितलं तर भाऊ म्हणतो, "हौ, तू तो बोलेगीच. दुसऱ्या कुणी बघितलंय?"

बाबांनी सदरा काढला. "मी बघतो."

आम्ही दोघंही नको नको म्हणालो. बाबांना पोहता येत नाही. त्यांच्या गावची पोरं विहिरीतच पोहायला शिकायची, पण आपल्या लोकांना त्या विहिरीची पायरीही चढू देत नसत. घागर घेऊन लांब उभं राहायचं, कुणाला दया आली तर वरून ओतणार. हे त्यांनी आम्हाला एकदाच सांगितलं होतं. भावानं मग दोर काढला. त्यांच्या कमरेला दोर बांधून तो स्वतः त्यांना घेऊन उतरला आणि फळीवर बसवून आला.

दोन मिनिटांची बोली होती. पाच झाली. भावानं ड्रम ठोकला तर आतून उलट ठोका आला, थांबा म्हणून.

वर आले ते कुडकुडत. भावानं विचारलं, "बाबा, झरा दिसला?"

"चष्मा तर वरच ऱ्हायला माझा. काय बी दिसलं नाई."

मी कपाळाला हात लावला. "मग इतका वेळ करत काय होता?"

"बसलो होतो," ते म्हणाले. "गळ्यापत्तोर पाण्यात बसलो होतो. कोनी बाहीर नीघ म्हनलं नाई."

भाऊ टॉवेल घेऊन बराच वेळ त्यांचं डोकं पुसत राहिला. कार आता गल्लीतच असते. सकाळी तो ती विहिरीच्या पाण्यानं धुतो, बादली बाबा शेंदून देतात.