माझ्या पत्रकात विहीर नव्हती

अन्याय झाला तो शेवंतीवर. वय वर्षं चार. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी, तान्ह्या पोळ्याच्या दुपारी चार वाजता, आमची बालवाडी भरायची त्या गावच्या मारुतीच्या देवळात तिला खांबाला बांधलं. लुगड्याच्या चिंधीनं. बांधणाऱ्या सुमनबाई, गावच्या बालवाडीच्या बाई. बाहेर पोरं लाकडी बैल ओढत होती, डफडं वाजत होतं, अन् ही आत खांबाशी ओरडत होती. मी डोळ्यांनी पाहिलं.

पाहिलं ते त्याच आठवड्यात लिहून काढलं, तालुक्याला जाऊन सायक्लोस्टाईल केलं आणि घरोघर वाटलं. ‘निर्दय बाई हटवा!’ मी वीस वर्षांची, मॅट्रिक पास, आणि पत्रक लिहिण्यात पंचक्रोशीत माझा हात धरणारं कोणी नव्हतं.

सुमनबाई हटल्या नाहीत. त्यांच्या जागी यायला कोणी तयारच नव्हतं. हटली ती शेवंती. तिचे वडील गणपतभाऊ पत्रक हातात घेऊन आमच्या अंगणात आले. म्हणाले, “साऱ्या गावाले वाचून दाखवलं ना तू, का माही पोरगी बांधाची हाय म्हणून? आता थे घरीच राहीन.” आणि ती घरीच राहिली, दार लावून.

सुमनबाई मला हापशीवर भेटल्या. त्यांनी घागर भरली. मग डोक्यावर घेता घेता म्हणाल्या, “लय शिकेल हायस ना वं? मंग पोरं सांभाळाचंबी शिकून ये. अन् तूच सांभाळ.”

त्या टोमण्यापायी मी गाव सोडलं. लोक नोकरीसाठी सोडतात, लग्नासाठी सोडतात. मी रागानं सोडलं. एस.टी.च्या टपावर पत्र्याची पेटी चढली तेव्हा आई म्हणाली, “शिकाले जाऊन राहिली का भांडाले, थे बसमंधी ठरवून घे.” उमरेड गेलं तरी माझं ठरलं नव्हतं.

नागपुरात नंदनवनला मावशीकडे राहिले. रामदासपेठेत बालसेविकांचं प्रशिक्षण चालायचं. मला वाटलं होतं गाणी शिकवतील, पोरांना सुकडीचा खाऊ कसा वाटायचा ते सांगतील, दोन-चार भाषणं होतील, सर्टिफिकेट मिळेल. पहिल्याच आठवड्यात वत्सलाताईंनी, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंनी, वही हातात दिली आणि वस्तीतल्या बालवाडीत एका पोरासमोर बसवलं. अर्धा तास. बोलायचं नाही, हसायचं नाही, उचलायचं नाही. वहीत डावीकडे घड्याळाची वेळ, उजवीकडे पोराचा हात, पाय, डोळा, तोंड यांनी काय केलं तेवढंच. याला ऑब्झर्व्हेशन म्हणतात.

माझ्या वाट्याला बबलू आला. तीन-साडेतीन वर्षांचा. चावायचा. अर्ध्या तासानं माझी वही ताईंपुढे गेली. ‘मुलगा हट्टी व आक्रमक. आईचे दुर्लक्ष. सेविका बेफिकीर.’ ताईंनी लाल पेन्सिल घेतली. हट्टी, खोडलं. आक्रमक, खोडलं. दुर्लक्ष, बेफिकीर, खोडलं. पानावर ‘मुलगा’, ‘आई’ आणि ‘सेविका’ एवढंच उरलं.

“ही आई तुला कुठं दिसली गं?” ताईंनी विचारलं. “बालवाडीत होती का ती?”

“नाही. पण असणारच ना तशी.”

“हे पत्रकात चालतं. वहीत नाही.”

वर्गातल्या बाकीच्या पोरी खुसखुसल्या. माझं पत्रक ताईंनी पाहिलेलं होतं. मीच पहिल्या दिवशी मोठ्या ऐटीत दाखवलं होतं. मी त्या संध्याकाळी मावशीला म्हटलं, मी परत जाते. मावशी पोळी लाटता लाटता म्हणाली, “जाय ना. सुमनबाई फुलं घेऊन उभ्या असतील.”

गेले नाही. सहा दिवस बबलूपुढे बसले. आणि सहाव्या दिवशी जे दिसलं, ते मी आजही कोणाला सांगते तेव्हा अंगावर काटा येतो.

बबलू चावायच्या आधी सांगत होता. रोज. टाळ्यांचं गाणं सुरू झालं की त्याची मान खाली जायची. मग सदऱ्याचं खालचं बटण दोन बोटांत यायचं. मग तो भिंतीला पाठ लावायचा. मग दाराकडे बघायचा, एकदा, दोनदा. तोवर गाणं टिपेला पोचलेलं असायचं. आणि मग शेजारच्या पोराच्या दंडावर दात. चार वेळा त्यानं अंगानं विनवलं होतं; खोलीतल्या एकाही मोठ्या माणसाला ते वाचता आलं नव्हतं. सातव्या दिवशी मी बालवाडीच्या सेविकेला वही वाचून दाखवली. बटण बोटांत आलं तसं तिनं त्याला उचललं नाही, रागावलं नाही, नुसतं दार उघडलं. तो ओट्यावर जाऊन बसला. गाणं संपलं तसा आपणहून आत आला आणि त्या चावऱ्या पोरानं माझ्या मांडीवर डोकं टेकवलं.

मी मोर्चे पाहिलेत, हजारोंच्या घोषणा ऐकल्यात. एवढ्याशा बोटांतल्या त्या बटणाएवढं जोरकस निवेदन मी पाहिलेलं नाही. तीन वर्षांचं पोर! भाषा पुरती आली नाही, तरी पायरी-पायरीनं अर्ज करतं. मी थक्क झाले, आणि लगेच मला शेवंती आठवली.

दिवाळीला गावी गेले ती थेट सुमनबाईंकडे. माझ्या वहीची पानं त्यांच्यापुढे पसरली, मोठ्या उत्साहानं समजावू लागले. त्या चिवड्याचे पोहे निवडत ऐकत होत्या. मग शांतपणे म्हणाल्या, “शेवंती वेणीचं टोक चावते. मंग डावा पाय घासते. मंग पळते. डफडं असो का पोरायचा गिल्ला, आवाज वाढला का पळते. मले पहिल्या महिन्यापासून माहीत हाय.”

जे बघायला मला नागपूर, ताई, वही आणि सहा दिवस लागले, ते ही सातवी पास बाई चाळीसेक पोरं सांभाळता सांभाळता बघत होती.

“मंग बांधलं काहून?” मी विचारलं.

“अन् पळून कुठं जाते? देवळामागं विहीर हाय ना वं, बिनकठड्याची. त्या दिवशी पोळ्याची सारी पोरं माह्या एकटीच्या जिवावर. हिच्यामागं धावू का बाकीच्यायले पाहू?” त्यांनी पोहे बाजूला सारले. “थे सांगून राह्यली होती, मले दिसून राह्यलं होतं. पण त्याचं करावं काय, हे मले कोणी सांगितलं? अन् इचारू कोणाले?”

माझ्या पत्रकात विहीर नव्हती. मी ती रोज पाहत आले होते, तरी लिहिली नव्हती, कारण लिहिली असती तर ‘निर्दय’ हा शब्द बसला नसता.

आम्ही दोघी गणपतभाऊंकडे गेलो. मी माफी मागितली. त्यांनी ती फारशी मनावर घेतली नाही. सुमनबाईंनी मात्र शेवंतीच्या आईला सांगितलं, “गिल्ला वाढाच्या आधी मी तिले घेऊन पिंपळाखाली बसतो. तू फक्त एक घंटा पाठव.” तिसऱ्या दिवशी शेवंती आली. आता रोज तासभर येते. तासभरच. पण वेणी तोंडात गेली की स्वतः सुमनबाईंचा पदर ओढते. पळत नाही.

मी आता प्रताप नगरला खोली घेऊन राहते आणि रामदासपेठेतल्या त्याच प्रशिक्षण केंद्रात नव्या पोरींच्या वह्या तपासते. लाल पेन्सिल माझ्या हातात आहे. गाव म्हणजे मला पूर्वी वाटायचं, ज्याच्याविरुद्ध लिहायचं ती जागा. आता गाव म्हणजे माझ्याआधी कोणीतरी सगळं पाहून ठेवलंय आणि मला विचारायला जायचंय, अशी जागा. तिथून इतक्या लांब येऊन मला ते कळलं, हे काही भूषण नाही.

आणि राग? तो गेलेला नाही, पत्ता बदलला आहे. सुमनबाईंचा प्रशिक्षणाचा अर्ज मी स्वतः भरला. परत आला. अट मॅट्रिकची. म्हणजे मी, जिला काहीच दिसत नव्हतं, ती चालते. आणि जिला सगळं दिसत होतं, ती चालत नाही. पुढच्या पोळ्याला दुसरं एखादं पोर असेल, न बोलणारं, न चालणारं, रात्रंदिवस रडणारं. सुमनबाई ते ओळखतील. पुढे काय करायचं ते त्यांना कोण सांगणार?

म्हणून गावात राहिलेल्या आयाबायांनो, आणि माझ्यासारख्या गाव सोडून आलेल्यांनो, हळहळू नका. उद्या सकाळी आपल्या बालवाडीत जा आणि तिथल्या बाईंना एकच विचारा: तुम्हाला कोणी शिकवलं? ‘कोणीच नाही’ असं उत्तर आलं, तर तिथंच बसून पंचायत समितीला पत्र लिहा: मॅट्रिकची अट काढा आणि आमच्या बाईंना याच वर्षी प्रशिक्षणाला पाठवा. खाली तुमची सही करा. सही येत नसेल तर अंगठा द्या. पण द्या.