बुधवारचा ट्रे

मी बुधवार मागितला तेव्हा खरं कारण सांगितलं नाही. सगळं तिथूनच बिघडलं असं मला वाटतं. आईच्या मते माझं जन्मापासूनच बिघडलेलं आहे, तेव्हा कुठून मोजायचं हा प्रश्नच आहे.

सदाशिव पेठेतल्या एका लॅबमध्ये मी एकोणीस वर्षं रक्ताच्या स्लाइड्स बघते. थेंब काचेवर पसरायचा, रंगवायचा, मायक्रोस्कोपखाली धरायचा आणि पेशी ओळखायच्या. आकडे मशीन देतं. त्याला जिथे शंका येते त्या स्लाइड्स माझ्याकडे येतात. मी बाजूला काढून ठेवीन तेवढ्याच सर बघतात, उरलेल्यांवर नुसती सही करतात. सर म्हणजे लॅबचे मालक, पासष्टीचे डॉक्टर. "बाईंनी बघितलंय ना? मग झालं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकोणीस वर्षांत मला मिळालेलं कौतुक एवढंच, आणि पुण्याच्या मानाने ते भरपूर आहे.

चव्वेचाळिसाव्या वर्षी दोन गल्ल्या पलीकडच्या क्लिनिकमध्ये मला ऑटिझम असल्याचं निदान झालं. आई म्हणाली, "इतकी वर्षं लोक तिरसट म्हणत होते, आता त्याला इंग्रजी नाव मिळालं." मी मात्र त्या दिवशी रिक्षात बसून रडले, सुटल्यासारखं वाटून. थेट वाघोलीला घरी पोचेपर्यंत रडले, म्हणजे चांगला दीड तास.

क्लिनिकमधल्या बाईंनी सांगितलं, आठवड्याच्या मधोमध एक दिवस मोकळा ठेवा, माणसांशिवाय आणि आवाजाशिवाय. मी कागद सरांसमोर ठेवला. त्यांनी पहिली ओळ वाचली, शेवटची वाचली.

"अहो, प्रत्येकाला काही ना काही असतंच. मला मधुमेह आहे, मी घेतो का बुधवार?"

"आवाजाने डोकं दुखतं," मी म्हणाले.

ते खोटं नव्हतं, पण खरं कारण निराळं होतं. गेली दोन-तीन वर्षं शुक्रवारी दुपारनंतर मला पेशी दिसायच्या, पण त्या कसल्या हे कळायला वेळ लागायचा. कधी कधी कळायचंच नाही. तेव्हा मी बाथरूममध्ये दिवा बंद करून दहा मिनिटं बसायची आणि परत येऊन पुन्हा बघायची. एक दिवस दहा मिनिटं पुरणार नाहीत, ही भीती मला होती. हे सरांना सांगितलं असतं, तर "बाईंनी बघितलंय ना" हे वाक्य त्याच दिवशी संपलं असतं. मला ते संपायला नको होतं.

कुरकुरत का होईना, सरांनी बुधवार दिला. माझ्या जागी एक गृहस्थ आले, अमरावतीकडचे, सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन पुण्यात मुलाकडे राहायला आलेले. सभ्य माणूस. जाताना मायक्रोस्कोपवर कव्हर घालून जायचे, जे आमच्याकडे कुणी करत नाही.

पहिले दोन बुधवार मी झोपून काढले. तिसऱ्या बुधवारी भल्या सकाळी, गर्दी व्हायच्या आत घराजवळच्या मंडईत गेले आणि दोन किलो मटार घेऊन आले. दुपारभर खिडकी लावून ते सोलत बसले. आई माहेरी, मामाकडे गेली होती, म्हणून तर इतकी शांतता. त्या शुक्रवारी सहा वाजेपर्यंत मला स्वच्छ दिसत होतं. मी सुखात होते, आणि हे सुख टिकायचं नाही असं तेव्हाही मनात येत होतं. कारण दर बुधवारी अकराच्या सुमाराला, लॅबमध्ये स्लाइड्सचा ट्रे भरायला लागत असेल त्या वेळी, हातातला मटार हातातच राहायचा.

म्हणून गुरुवारी मी तासभर आधी जाऊ लागले. कुणी यायच्या आत बुधवारचा ट्रे काढून सगळ्या स्लाइड्स पुन्हा बघायची. त्या गृहस्थांवर अविश्वास नव्हता. मी न बघितलेला ट्रे समोर असला की मला चहा घशाखाली उतरत नाही, एवढंच. सात गुरुवार काही निघालं नाही. दर वेळी ट्रे बंद करताना वाटायचं, आज वाचले.

आठव्या गुरुवारी निघालं. डेंगीचे दिवस होते. रिपोर्टवर लिहिलं होतं, विषाणूजन्य ताप, प्लेटलेट कमी, दोन दिवसांनी पुन्हा तपासा. काचेवर मात्र डेंगीत दिसतात त्या पेशी नव्हत्या. मोठ्या, कच्च्या, रक्ताच्या कर्करोगात दिसतात तशा होत्या. मुलगी एकोणीस वर्षांची, इथेच पेठेत खोली घेऊन शिकणारी.

दोन दिवसांनी म्हणजे शुक्रवारी. शुक्रवारी ती पुन्हा रक्त द्यायला येणार, तिची स्लाइड माझ्यासमोर येणार, मी ती बाजूला काढणार. कालची चूक कुणाला कळणारही नाही आणि माझा बुधवार शाबूत राहील. मी स्लाइड ट्रेमध्ये परत ठेवली. तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. नऊ वाजता सर आले. ती पन्नास मिनिटं मी त्या ट्रेसमोर बसून काढली, आणि त्यांची मला अजून लाज वाटते.

"सर, ही कालची आहे."

ते बराच वेळ मायक्रोस्कोपवरून उठले नाहीत. मग स्वतः फोन लावत बसले. मुलीचा फोन बंद होता. शेवटी तिची मैत्रीण सापडली, आणि दुपारी त्यांनी तिला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. पुढे काय झालं मला माहीत नाही. लॅबला कधीच कळत नाही.

ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी ॲप्रन न्यायला आले. "डेंगूच्या दिवसांत सारं डेंगूच दिसते जी, बाई. चुकलंच माहं," म्हणाले, आणि सवयीने मायक्रोस्कोपवर कव्हर घातलं. मला त्यांच्याकडे बघवेना.

संध्याकाळी सरांनी विचारलं, "बुधवारचं काय करायचं, बाई?" इतक्या हळू आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. खरं कारण सांगायची तीच वेळ होती. पण समोर त्या मुलीचा रिपोर्ट पडला होता आणि माझी डोकेदुखी त्यापुढे काय टिकणार? "येते," मी म्हणाले.

याला आता दोन महिने झाले. बुधवारच्या स्लाइड्स मीच बघते, त्यामुळे गुरुवारी लवकर जायचं कारण उरलेलं नाही. बाथरूममधली दहा मिनिटं आता वीस झाली आहेत.

गेल्या शुक्रवारी ट्रे संपवला, रिपोर्ट चार वाजता गेले. साडेपाचला हात धुताना लक्षात आलं की शेवटच्या सहा स्लाइड्स मला आठवत नाहीत. बघितल्या होत्या, पण काय बघितलं ते आठवेना. परत जाऊन सहाही काढल्या. पाच ठीक होत्या. सहावीत लाल पेशीच्या आत बारीकशी अंगठी दिसली. मलेरिया. शेजारी आणखी एक, मग आणखी एक. सोबतच्या चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, विशेष काही नाही.

या वेळी मी ती ट्रेमध्ये परत ठेवली नाही. तशीच हातात धरून सरांच्या खोलीत गेले. ते सह्या करत होते.

"सर," मी म्हणाले, "ही माझी आहे."