बुरुजावरचा पिंपळ

दस्तगीरचाचा गेल्याचा निरोप काटेवाडीत शेजाऱ्यांच्या फोनवर आला. हातातला चहा तसाच ठेवून इंदापूरची एसटी धरली. बावड्याजवळच्या आमच्या गावी पोचलो, तर दफन उरकलेलं... शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही, याचा राग अजून जात नाही.

चाचांचं सायकलचं दुकान गढीच्या बुरुजाला लागून. गढीच्या भिंती केव्हाच ढासळल्या. उरला हा एक बुरूज. खाली चुन्यात बसवलेला काळा दगड, वर पांढऱ्या मातीचं जाड बांधकाम. कुणी बांधला, हे विचाराल तर गावात माणसागणिक नवं नाव ऐकायला मिळेल. चाचा मला आत नेऊन जंग्या दाखवायचे, म्हणजे बंदुकीसाठी ठेवलेली भोकं. आतून रुंद, बाहेरून जेमतेम मुठीएवढी. "दगुड गोळ्यानं तडकतो, माती गोळा गिळती. म्हणून वर माती," असं सांगायचे. खरंखोटं देव जाणे, पण त्यांच्याइतकं रंगवून सांगणारा दुसरा भेटला नाही.

त्या बुरुजाला आता वैरी एकच, पिंपळ. पाखरं बी टाकायची, पावसाळ्यात सांध्यातून रोप डोकं काढायचं. ठेवलं तर मुळांनी बुरूज फुटणार, आणि उपटायचं पाप आमच्यातलं कुणी घेईना. मग दरवर्षी ठरलेलं, "चाचा, तेवढं बघा की." चाचा शिडी लावायचे. "पाप तुमचं आन् शिडी माझी, व्हय?" म्हणून हसायचे. रोप मात्र फेकायचे नाहीत. ओल्या फडक्यात गुंडाळून ओढ्याकाठी लावून यायचे. किती भला माणूस!

यंदा श्रावणात रोप परत आलं. गावातले चार जण चाचींकडे गेले, तुमच्या पोराला वर चढवा म्हणाले. चाची दारातच म्हणाल्या, "त्यांनी जल्मभर तुमचं वझं वाह्यलं. आता पोराच्या डोक्यावर नगं." सगळे माना खाली घालून परतले.

शनिवारी मी गावी आलो होतो. आई पिंपळाची पूजा करून आली ती थेट बुरुजाशी. पदर खोचला आणि म्हणाली, "शिडी आण. मी काढते." या वयात! तिला बाजूला करून मीच चढलो. खालून तिचं चाललेलंच, "सावकाश रं... मुळासकट काढ." उतरलो तेव्हा तिनं ते रोप पदरात घेतलं आणि तशीच उभी राहिली. डोळे भरून आले होते.

"दस्तगीर हे कुठं लावायचा रं? मला कधी विचारावंसंच वाटलं न्हाय."

मी तिचा हात धरला आणि आम्ही दोघं ओढ्याकडे निघालो.