जामाच्या डोळ्यांना मलम
परवा पुसदच्या बाजारात ओल्या घोंगडीचा वास आला आणि मला लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं. सासऱ्यांनी हौसेनं लावलेली जामाची, म्हणजे पेरूची, रोपं काठीसारखी सरळ उंच चालली होती. एकालाही फांदी नव्हती. कृषी महाविद्यालयात शिकलेलं आठवून मी खोडावरचे डोळे, म्हणजे दबून राहिलेले कोंब, फुटावेत म्हणून संजीवकाचं, म्हणजे झाडाच्या वाढीच्या औषधाचं, मलम आणलं. त्यात लोकरीचं मेण होतं, म्हणून तो तसाच वास. जुन्या ब्रशनं मी एकेका डोळ्याला ते लावत होते, तर बांधावरून सासरे म्हणाले, "झाडाले मलम कायले लावून राह्यली? त्याचे गुडघे दुखतेत काय?" तण निंदणाऱ्या बाया पदराआड हसल्या. मी म्हटलं, "मामाजी, एकच ओळ द्या मले." मग रोज सकाळी मी शेतात जाऊन एकेक डोळा पाहायची. पंधराएक दिवसांनी पाहते तर माझ्या ओळीतल्या खोडाखोडावर हिरवे कोंब, आणि सासरे शेजाऱ्याचा हात धरून सांगत होते, "हे आमच्या सूनबाईनं केलं!" शेजारी गेल्यावर ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाई, दुसऱ्या ओळीले मीच लावलं होतं चोरून. पण काही फुटलं नाही. पानाले लावलं वाटते." त्यांचा तो लाजलेला चेहरा आठवला की मला अजूनही एकटीला हसू फुटतं.