किरकोळ वाद

आमच्या ठाण्यातला तक्रार लिहून घेणारा हवालदार फार अदबशीर. मार खाऊन आलेल्या बाईला तो खुर्ची देतो, पाणी देतो, "घर सांभाळा ना ताई, कायले कोर्टकचेरी करता?" म्हणतो आणि कागदावर 'पती-पत्नीत किरकोळ वाद' लिहितो. त्या कागदाला कोर्टात कोणी विचारत नाही. बचत गटातल्या बायांसोबत ठाण्यात जाऊन जाऊन त्याच्या अदबीचाच मला राग येऊ लागला आहे.

परवा आमच्यासोबत ठाण्यात आलेल्या, तळ्यावर मासे धरणाऱ्या बाईचा हात प्लास्टरमध्ये होता. "नवऱ्यानं काठीनं मारलं," ती म्हणाली. हवालदारानं नेहमीचंच लिहून सहीसाठी पुढे केलं. मी तिला ते वाचून दाखवलं.

"माहा हात वादानं मोडला का, भाऊ? दुसरा कागद घ्या. मी नाई हलत इथून."

दोन तासांनी त्यानं नवा कागद घेतला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "काठी कायची होती?"