गजऱ्याची मूर

नल्लकुंट्यातल्या आमच्या शाळेच्या फाटकाशी एक बाई मोगऱ्याचे गजरे विकते. पाच वर्षं मी तिच्याकडून गजरा घेतेय, नाव कधी विचारलं नाही. ती गजरा मुरीवर देते. मूर म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी.

सातवीला डेसी, सेंटी, मिली शिकवताना मी मुलांच्या हातात टेप दिले आणि वर्ग थेट तिच्यापुढे नेला. हाताचं माप किती फसवं असतं, हे मला दाखवायचं होतं.

तिने हसतहसत पाच गजरे मापून कापले. मुलांनी मोजले. पाचही चव्वेचाळीस सेंटिमीटर, फरक फार तर दोनतीन मिलिमीटरांचा! मी थक्कच झाले. तेवढ्यात एका मुलीने तिच्या हातालाच टेप लावला.

"टीचर, हात तर बेचाळीसच भरतोय!"

मी वाकून पाहिलं आणि हबकले. मधल्या बोटाचं वरचं पेर नव्हतंच. पाच वर्षं याच हातातून मी गजरा घेत होते, आणि ती ते नसलेलं पेरही रोज मोजून देत होती.

"उंगली कटी, टीचरम्मा," ती म्हणाली. "मूर कायकू कटना?"