लिहून घ्या, कन्स्ट्रक्टर कधीच प्रायव्हेट नसतो

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळसुद्धा नाही – आणि तिला माझं सगळं ठाऊक असतं, अगदी मी डबा न खाता कॅन्टीनची मिसळ खाल्ली तरी. मग आजच का बोलतोय? परवा वर्गात एक मुलगी सहज काहीतरी बोलून गेली. तेव्हापासून डबा तसाच घरी परत जातोय.

नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवतो. सेकंड इयरला ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग. पोरं ‘ऊप्स’ म्हणतात. माझं पहिलं लेक्चर गाजलेलं आहे बरं का, सीनियर पोरं ज्युनियरना सांगतात, ते चुकवू नका म्हणून. मी फळ्यावर घराचा नकाशा काढतो. हा नकाशा म्हणजे क्लास. त्यावरून बांधलेलं घर म्हणजे ऑब्जेक्ट. एका नकाशावरून कॉलनीभर घरं बांधा, प्रत्येकाचा रंग वेगळा, राहणारी माणसं वेगळी. आणि प्रत्येक घराच्या आधी जे आपोआप होतंच होतं, ते भूमिपूजन – म्हणजे कन्स्ट्रक्टर. इथे पोरं हसतात. हशा झाला की मलाही चढतं.

तर या लेक्चरच्या पहिल्याच वर्षी, हशा चालू असताना, मी एक वाक्य जास्तीचं बोललो. म्हणालो, “आता मला सांगा, भूमिपूजनच कुलपात ठेवलं तर घर बांधणार कसं? म्हणून – लिहून घ्या – कन्स्ट्रक्टर कधीच प्रायव्हेट नसतो.”

साफ चूक. असतो, ठेवता येतो. पण मला कुठे माहीत होतं? शिकवणाऱ्या मॅडम मध्येच नोकरी सोडून गेल्या होत्या आणि आमचे विभागप्रमुख, एचओडी, म्हणाले होते, तुम्ही घ्या हो, सोपा विषय आहे. मला तो येत नव्हता. आदल्या दिवशी वाचायचं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात फाडायचं, असं चाललेलं. येत नाही हे सांगायला जीभ रेटली नाही, आणि उदाहरण इतकं गोड जमलं होतं की खरंखोटं तपासावंसंही वाटलं नाही.

पहिल्या बाकावर रूपाली बसायची. डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला आलेली, इगतपुरीची, वडील रेल्वेत. रोज गाडीनं यायची. पावसाळ्यात वर्गाच्या दाराशी सगळ्यात आधी तिची छत्री निथळत उभी असायची. इंग्रजी तिला जड जायचं, पण प्रोग्रॅम चालला की अशी हसायची, की आपणच तो लिहिलाय असं मला वाटायचं. “सर, मला हेच करायचंय, कोडिंगच,” एकदा म्हणाली होती. मी सांगितलेलं ती देववाक्य मानायची. बाकीची पोरं गाईड वाचून यायची. ही माझं ऐकून यायची.

मग ओरल आली. ओरलला बाहेरच्या कॉलेजचा परीक्षक येतो, एक्सटर्नल. त्याचा चहा, नाश्ता, जेवण, सगळं आम्ही बघतो आणि तो खुशीत पोरांना पास करून जातो. अशी आमची रीत. त्या वर्षीचे गृहस्थ मात्र कडक निघाले, नाश्त्याला शिवलेसुद्धा नाहीत. मी इंटर्नल म्हणून शेजारी बसलेलो. आणि नेमके एचओडी डोकावले, येऊन बसले. मला कायम करण्याची मुलाखत तोंडावर आली होती. ही सबब नाही. घडलं तसं सांगतोय.

एक्सटर्नलनी रूपालीला विचारलं, कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट ठेवता येतो का? तिचा चेहरा उजळला. येत असलेला प्रश्न! म्हणाली, “नाही सर, कधीच नाही.” भूमिपूजनसुद्धा सांगितलं. ते म्हणाले, “कुणी सांगितलं तुला? एकच ऑब्जेक्ट हवा असेल तर मुद्दाम प्रायव्हेट ठेवतात.” ती गोंधळली. माझ्याकडे बघून म्हणाली, “सरांनीच शिकवलंय.”

ते माझ्याकडे वळले. एचओडीही वळले. आणि मी – काय सांगू तुम्हाला – मी म्हणालो, “छे! मी असं कधीच म्हटलेलं नाही.”

रांगेत तिच्या वर्गातली तिघंचौघं उभी होती. सगळ्यांनी ते वाक्य लिहून घेतलेलं. एकानंही तोंड उघडलं नाही. कसं उघडतील? टर्मवर्कचे मार्क माझ्या हातात. एक्सटर्नल तिला म्हणाले, “येत नाही ते नाही, वर मास्तरांच्या नावावर खोटं बोलतेस?” पुढचे प्रश्न तिला ऐकूच आले नसावेत. नापास झाली.

इथवरचं पाप मी कसंबसं पचवलं असतं. पण दुसऱ्या दिवशी ती स्टाफरूमच्या दारात आली. मला वाटलं, आता भांडणार. भांडायलाच हवं होतं तिनं! ती म्हणाली, “सॉरी सर. माझंच ऐकण्यात चुकलं असेल. माझ्यामुळे तुम्हाला सगळ्यांसमोर खाली बघावं लागलं.”

आणि मी तिला माफ केलं. हो, मी! म्हणालो, “होतं असं. पुढच्या वेळी नीट ऐकत जा.”

पुढे ती ओरल सुटली. पण पहिला बाक सुटला. काही विचारायचं झालं तर आधी म्हणायची, माझं चुकत असेल सर, पण... मग तेही बंद झालं. शेवटच्या वर्षी कंपन्या आल्या, तेव्हा तिनं फॉर्मच भरला नाही. मला जमत नाही ते, असं मैत्रिणींना म्हणाली. आता इगतपुरीतच एका पतसंस्थेत काउंटरवर बसते.

मी कायम झालो. पुढच्या वर्षीपासून बरोबर शिकवायला लागलो. आधी चुकीचं शिकवत होतो, हे मात्र कुठल्याच वर्गाला सांगितलं नाही.

परवा या वर्षीचं पहिलं लेक्चर. दाराशी एक छत्री निथळत होती. पहिल्या बाकावर नवीन मुलगी. लेक्चर संपल्यावर उभी राहिली आणि म्हणाली, “सर, मी रूपालीची धाकटी बहीण. ताईनं सांगितलंय, सर फार छान शिकवतात. ती म्हणते, मीच नीट ऐकलं नाही, तू नीट ऐक.”

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, “छान. बस खाली.”

रूपालीनं नीटच ऐकलं होतं. मी जे सांगितलं, तेच.